नखांनी सोललेली साळ

ज्याच्या सोंडेच्या टोकाशी सर्व कार्यांचा आरंभ टेकलेला असतो, त्या गजाननास प्रथम नमन. वाणीला अर्थाचे तेज देणाऱ्या शारदेस नमन. कोणी नुसते नाव घेतले तरी वैकुंठ सोडून धावत येणाऱ्या दयाघन श्रीहरीस साष्टांग दंडवत. आणि समुद्रमंथनाच्या वेळी लक्ष्मीच्या आधी जी वर आली, परंतु जिच्यासाठी ना देवांनी आसन मांडले ना दैत्यांनी, जिला अशुभाची देवता मानून श्रुतींनी निर्ऋती म्हटले, त्या थोरल्या बहिणीलाही नमन. कारण ही कथा तिची आहे, आणि तिच्यासारख्याच एका मानवी राणीची.

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, जेव्हा मेघ यज्ञधूमाच्या सुगंधाने ओढले जात आणि अरण्ये ऋषींच्या सामगायनाने जागी होत, तेव्हा पयोष्णी नदीच्या तीरावर मणिमंत नावाचे नगर वसले होते. तेथे सत्यसेतु नावाचा राजा राज्य करीत होता. त्याचे बाहू गजशुंडेसारखे बलवान, दृष्टी शरद ऋतूतील सरोवरासारखी निर्मळ आणि वाणी मोजकी होती. इतकी मोजकी, की जेथे बोलायला हवे तेथेही तो पुष्कळदा मौन धरी. अनेक राजांना मांडलिक केल्यावर त्याने राजसूय यज्ञाची दीक्षा घेतली.

त्या काळी राजसूयाचा एक नियम असा होता, की अभिषेकाचे जल मस्तकी पडण्यापूर्वी राजाने आपल्या राज्याच्या प्रत्येक मानकऱ्याच्या घरी स्वतः चालत जावे, तेथे आहुती द्यावी आणि म्हणावे, “तू माझे रत्न आहेस, तुझ्यामुळे मी राजा आहे.” त्या मानकऱ्यांना रत्ने म्हणत. पुरोहित हे रत्न, सेनापती हे रत्न, कोषाध्यक्ष रत्न, पट्टराणी रत्न. रत्नाने राजाला अनुमती द्यायची आणि राजाने रत्नाला एक वचन द्यायचे. ज्याचे घर आधी, त्याचा शब्द राज्यात वरचढ. म्हणून घरांच्या क्रमावरून जे रुसवेफुगवे होत, ते रणांगणावरच्या युद्धाहून कमी नसत. परंतु शेवटच्या घराविषयी कधीच वाद होत नसे. शेवटचे रत्न म्हणजे राजाने टाकलेली राणी. तिच्या दारी निर्ऋतीसाठी काळ्या साळीचा चरू, म्हणजे आहुतीचा भात, शिजवायचा. ती साळ उखळात कांडायची नाही, नखांनी सोलायची. आणि आहुती झाल्यावर राजाने तिला सांगायचे, “आजपासून माझ्या राज्यात तुझा निवास नसो.”

सत्यसेतूची टाकलेली राणी म्हणजे आर्द्रावती.

ती त्याची प्रथम पत्नी. तिला पुत्र झाला होता. परंतु पाळण्यावर नाव उमटण्यापूर्वीच, पित्याने कानात नाव सांगण्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच, ते बालक पहाटेच्या दवासारखे विरून गेले. तेव्हा राजपुरोहित भद्रायण भर सभेत उठून म्हणाला होता, “हिच्या कुशीवर निर्ऋतीची छाया आहे.” सेनापती उग्रबाहूने मान डोलावली होती, कारण त्याची बहीण माल्यवती विवाहयोग्य झाली होती. राजा सिंहासनावर मान खाली घालून बसला. तो काहीच बोलला नाही. आर्द्रावतीने त्याच्या तोंडाकडे पाहिले, ते अजून हलेल, आता हलेल, अशी वाट पाहिली आणि मग ती स्वतःच सभेतून उठून गेली.

नगराच्या नैर्ऋत्येला, वेशीबाहेरच्या माळावर, एका शमीवृक्षाखाली ते निनावी बालक भूमीच्या ओटीत ठेवले होते. त्याच शमीशेजारी तिने पर्णकुटी बांधली. जवळच तृणपाणि नावाच्या वृद्ध ऋषींचा आश्रम होता. तेथे हरिणांची पाडसे समिधांच्या भाऱ्यावर निजत आणि साळुंक्या अभ्यासाला बसलेल्या बटूंच्या खांद्यांवर उतरत. तृणपाणींनी तिला कन्या मानले. आर्द्रावती रोज सायंकाळी शमीच्या बुंध्याशी पाणी घाली आणि म्हणे, “निजलास का रे?” पुढे नाव नसल्यामुळे तिचे वाक्य तेथेच थांबे.

राजसूयाची वार्ता आली तेव्हा तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी भयही वाटले. पती दारात येणार, याचा आनंद. आणि विधीचे अखेरचे वाक्य उच्चारले गेले की शमी सोडून जावे लागणार, याचे भय. राज्य गेले तेव्हा ती रडली नव्हती. पण शमीला सायंकाळी पाणी कोण घालणार, या विचाराने ती रिती कळशी घेऊन तशीच बुंध्यापाशी बसून राहिली.

रत्नांच्या घरोघरी आहुती देण्याच्या, रत्नहवीच्या दिवशी तिने पहाटे स्नान केले, अंगण सारवले आणि सुपात काळी साळ घेऊन ती सोलायला बसली. दाणा चिवट आणि तूस धारदार. नखे दुखू लागली तरी तिचे हात थांबले नाहीत. दूर नगरातून दुंदुभी ऐकू येत होती. इतक्यात तृणपाणि नगरातून परतले, हसत हसत ओसरीवर टेकले आणि कमंडलू बाजूला ठेवून म्हणाले,

“बाळे, आज तुझ्या म्हाताऱ्या बापाने तीर्थयात्रा केली. इतका अहंकार एके ठिकाणी पाहायला मिळणे म्हणजे पर्वणीच.”

“काय झाले, तात?”

“झाले असे, की भद्रायण म्हणे पहिले घर माझे, कारण मी मंत्र म्हणतो. उग्रबाहू म्हणे माझे, कारण तुमचा यज्ञमंडप मी राखतो. तो म्हणाला, ‘आचार्य, शत्रू आला की तुमची ही तुपाची पळी, ही दर्वी घेऊन पुढे व्हाल काय?’ भद्रायण म्हणाला, ‘वीरा, गेल्या युद्धात आपला रथ कोणत्या दिशेला धावत होता, हे सांगू काय सभेला?’ आणि कोषाध्यक्ष वसुधान दोघांच्या मध्ये उभा राहून अगदी गोड आवाजात म्हणाला, ‘भांडा, भांडा, दर्वीचे तूप आणि रथाची चाके दोन्ही माझ्याच कोठारातली.’”

आर्द्रावतीला हसू फुटले. “आणि महाराज?”

ऋषींचे हास्य मावळले. “महाराज गप्प होते. ज्याने जे वचन मागितले ते देत गेले. पुरोहिताला न्यायसभेतला अखेरचा शब्द दिला. सेनापतीला सांगितले, की तुला विचारल्यावाचून युद्ध नाही आणि तहही नाही. वसुधानाला करांवर मुखत्यारी दिली. पट्टराणी झालेल्या माल्यवतीने तर आपल्या माहेरच्यांसाठी उरलेले सारे मागून घेतले. बाळे, पहिल्या दाराशी तो राजा होता. शेवटच्या दारातून बाहेर पडला तेव्हा त्याच्याजवळ छत्राची सावली तेवढी उरली होती, आणि ते छत्रही दुसराच कोणी धरून चालला होता.”

“शेवटचे दार तर माझे आहे, तात,” ती हळूच म्हणाली आणि सोललेले दाणे हाताने सारखे करू लागली. “त्यांना देण्यासारखे काही उरले नाही, हे बरेच झाले. मला त्यातले काही नकोच होते.”

“मग काय मागशील?”

तिने शमीकडे पाहिले. “नाव मागेन. बापानेच कानात सांगायचे असते ना! एकदा नाव मिळाले की मग मी कोठेही जाईन.”

दुंदुभी वेशीपर्यंत आली. आर्द्रावतीने पदर सावरला. दुंदुभी माळाकडे वळली, थबकली, काही काळ तेथेच वाजत राहिली आणि मग परत नगराकडे जाऊ लागली. ती उभी होती तशीच उभी राहिली.

थोड्या वेळाने भद्रायण दोन सेवकांसह आला. अंगणात पाऊल न टाकता, कुंपणाबाहेरूनच तो बोलला. “देवी, विधी संपन्न झाला. माळावर भूमीला आपोआप पडलेली भेग आहे, तेथे आम्ही निर्ऋतीची आहुती दिली. शास्त्रात त्यासही आधार आहे. महाराजांना या दारापर्यंत आणून अशुभाचा स्पर्श घडविण्याचे कारण उरले नाही. आता सूर्यास्तापूर्वी आपण राज्याची सीमा ओलांडावी.”

“हे महाराज म्हणाले?”

“महाराजांनी नकार दिला नाही.”

“ते कधीच देत नाहीत,” आर्द्रावती म्हणाली. तिच्या स्वरात कडवटपणा नव्हता; आपल्या माणसाची खोड ठाऊक असलेल्या बाईचा तो स्वर होता. “आचार्य, मी जाईन. माझी एकच प्रार्थना महाराजांना कळवा. माझ्या बाळाला नाव द्या.”

“नामकरणाआधी गेलेल्याला नाव नसते, देवी. तो कुळात आलाच नाही.”

“माझ्या कुशीत आला होता, आचार्य,” ती म्हणाली. भद्रायणाने उत्तरीय सावरले आणि तो निघून गेला.

आर्द्रावतीने सोललेली साळ फुकट जाऊ दिली नाही. तिचा चरू शिजवून तिने तो पळसाच्या पानावर उंबऱ्याबाहेर ठेवला आणि हात जोडून म्हटले, “माते निर्ऋती, हे तुझ्या नावाचे आहे. भेगेत टाकलेले तू घेतलेस की नाही, मला ठाऊक नाही. तुलाही कोणी दारात बोलावीत नाही, मलाही नाही. गरम आहे, जेव.” मग तिने शमीच्या मुळाशी असलेली मूठभर माती पदराच्या गाठीत बांधली, तृणपाणींना वंदन केले आणि शमीला शेवटचे पाणी घालायला ती कळशी घेऊन वाकली.

त्याच वेळी यज्ञमंडपात अघटित घडले. व्याघ्रचर्मावर सत्यसेतु बसला होता. नद्यांचे, समुद्राचे, दवाचे, ऊन असताना कोसळलेल्या पावसाचे असे पवित्र जल उंबराच्या काष्ठपात्रात भरले होते. भद्रायणाने मंत्र म्हणत पात्र कलते केले. जल पात्राच्या काठाशी आले आणि तेथेच थांबले. त्याने पात्र उपडे धरले, तरी एक थेंब गळला नाही. उग्रबाहूने ते हिसकून घेतले. वसुधानाने त्याच्या हातून घेतले. माल्यवतीच्या मृदू हातांनाही जल वश झाले नाही. काचेत गोठल्यासारखे ते पाणी राजाच्या मस्तकावर लोंबकळत राहिले आणि त्या पाण्यात राजाला आपले मुख दिसले. ओठ मिटलेले.

सत्यसेतु उठला. “एक रत्न राहिले आहे,” तो म्हणाला, आणि अनवाणी निघाला.

सारी सभा मागोमाग धावली. अभिषेकाचे पात्र कोणी उचलायचे यावरून वाटेत पुन्हा कलह झाला. शेवटी पुरोहित, सेनापती आणि कोषाध्यक्ष असे तिघेही ते पात्र एकदम धरून, एकमेकांच्या पायांत अडखळत, माळ तुडवू लागले.

आर्द्रावती कळशी रिती करून वळली, तो दारात राजा उभा. मस्तकी मुकुट नाही, पायांना काटे टोचलेले. किती तरी वर्षांनी ती दोघे एकमेकांना पाहत होती. कानशिलाजवळचे त्याचे केस पिकले होते, हे तिला आधी दिसले.

“आर्द्रे,” तो म्हणाला, “मी उशिरा आलो.”

“महाराज, चरू मी देवीला वाढून टाकला. घरात आता न सोललेली साळ तेवढी आहे.”

“मग मी सोलतो.”

तो सारवलेल्या भूमीवर बसला, सूप पुढे ओढले आणि धनुष्याच्या दोरीची सवय असलेल्या बोटांनी दाणा धरला. दाणा निसटला. पुन्हा धरला; नख दुमडले. कुंपणापलीकडून उग्रबाहू कळवळून ओरडला, “महाराज, हे काम दासींचे!” वसुधान पुटपुटला, “मुहूर्त टळतो आहे.” राजाने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने त्याच्या ओंजळीत चार दाणे जमले आणि त्यांवर रक्ताचा एक ठिपका पडला. तेव्हा आर्द्रावती समोर बसली.

“असे नव्हे. दाण्याच्या टोकाकडून धरा. तूस स्वतःच वाट देते.”

दोघे सोलू लागली. सूर्य कलला. सुपातले सोललेले दाणे वाढत गेले.

“त्या दिवशी मी बोललो नाही,” राजा म्हणाला. “सगळे एकमताने बोलत होते आणि मला वाटले, ज्यांच्या खांद्यांवर माझे सिंहासन आहे, त्यांच्याविरुद्ध मी काय बोलू? मग न बोलण्याची सवयच झाली.”

तिने हातातला दाणा खाली ठेवला. “तुम्ही त्याला पाहिले तरी होते का?”

“पाहिले होते. तू थकून निजली होतीस, तेव्हा आलो होतो. त्याच्या उजव्या कानामागे तिळाएवढा डाग होता. माझे बोट धरून ठेवले होते त्याने.” राजाने आपल्या बोटाकडे पाहिले. “नावही मी ठरवले होते, आर्द्रे. इतकी वर्षे ते माझ्यापाशीच आहे.”

आर्द्रावतीने पदराची गाठ सोडली, माती पुन्हा शमीच्या मुळाशी ठेवली आणि त्या बुंध्याकडे बोट केले. राजा गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात भूमीला टेकवून वाकला आणि मातीला ओठ लावून त्याने ते नाव उच्चारले. शेजारी वाकलेल्या मातेने ते ऐकले. ते नाव कोणते, हे कोणत्याही परंपरेने सांगितलेले नाही, आणि कथेकऱ्यांनी ते विचारू नये; ते त्या दोघांचे आणि त्या बालकाचे आहे. शमीचे एक पानही हलले नाही. पण आर्द्रावतीच्या डोळ्यांतून इतक्या वर्षांचे पाणी वाहू लागले.

मग चरू शिजला. राजाने आहुती दिली आणि हात जोडून म्हटले, “तू माझे रत्न आहेस, तुझ्यामुळे मी राजा आहे.”

भद्रायण कुंपणाबाहेरून घाईघाईने पुढचे वाक्य सुचवू लागला. “म्हणा महाराज, ‘आजपासून माझ्या राज्यात तुझा निवास नसो.’ म्हणा!”

राजा गप्प राहिला. पुरोहिताने वाक्य पुन्हा सुचवले. तेव्हा सत्यसेतु उभा राहिला आणि मेघगर्जनेसारख्या स्वरात बोलला, “हे वाक्य मी उच्चारणार नाही.”

“विधी भंगेल!”

“भंगू दे.”

“मग आमची अनुमती आम्ही परत घेऊ,” उग्रबाहू म्हणाला. “सैन्य नाही, कोष नाही, मंत्र नाही. कशाच्या बळावर राजा म्हणवाल?”

“मग राजा म्हणवणार नाही, वीरा. ही शमी आहे, ही कुटी आहे. येथे पाणी घालीन.”

आर्द्रावतीने चमकून त्याच्याकडे पाहिले. त्या मिटलेल्या ओठांची वाट पाहत तिने तारुण्य घालवले होते. आणि आज ते उघडले होते.

त्याच क्षणी आहुतीचा धूर सरळ उभा राहिला आणि त्यातून एक स्त्री प्रकटली. नीलमेघासारखा वर्ण, मोकळे केस, अंगावर कृष्णवस्त्र आणि हातात पळसाचे ते रिकामे पान. मानकरी भयाने मागे सरले. देवी मात्र आर्द्रावतीकडे पाहून हसली.

“भिऊ नकोस, मुली. भेगेत टाकलेले मी घेतले नाही. उंबऱ्यावर वाढलेले जेवले. युगे लोटली, पण ‘गरम आहे, जेव’ असे मला कोणी म्हटले नव्हते.” मग ती मानकऱ्यांकडे वळली. “तुम्ही म्हणता, राज्य आमच्या हाती आहे. खरे आहे. दंड तुमच्या हाती आहे, धनही आहे, आणि शब्द तुम्हीच राखता. तो तुमचा भागच आहे. परंतु ज्याला तुम्ही मोजले नाही, त्याने दिल्यावाचून अनुमती पूर्ण होत नाही. आजपासून माझा शाप ऐका. जो राजा पहिल्या दारी वचने देईल आणि शेवटच्या दारी जाणार नाही, त्याची सर्व वचने कोरडी पडतील. त्याचे मानकरी त्यांना धरून बसतील आणि त्यांच्या मुठीत वारा राहील. आणि माझा वर ऐका. जेथे शेवटचे दार आधी उघडले जाईल, तेथे मी निर्ऋती राहणार नाही. तेथे माझे नाव अनुमती असेल.”

असे म्हणताच तिचे कृष्णवस्त्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच्या चंद्रकांतीसारखे उजळले आणि ती अंतर्धान पावली.

आर्द्रावतीने तिघांच्या हातून काष्ठपात्र घेतले. तिने मंत्र म्हटला नाही. फक्त म्हणाली, “आर्यपुत्र, वाका थोडे.” आणि पात्र कलते केले. गोठलेले जल खळखळत राजाच्या मस्तकावरून ओघळले, त्याच्या दाढीतून ठिबकले आणि शमीच्या मुळांशी जाऊन मुरले.

राजाने तिला राजप्रासादात चलण्याची विनंती केली. ती म्हणाली, “मी येथेच राहीन. बाळ येथे आहे. तुम्ही येत जा.” तो येत गेला. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी सत्यसेतु नैर्ऋत्य वेशीतून बाहेर पडतो, शमीला पाणी घालतो, कुटीत काही काळ बसतो आणि मग सभेत येऊन स्पष्ट बोलतो, हे नगराला ठाऊक झाले. काही दिवसांतच वसुधान आणि उग्रबाहू नैर्ऋत्य वेशीजवळ घरासाठी जागा शोधू लागले, आणि कोणाचे घर शमीच्या अधिक जवळ, यावरून नवा वाद पेटला. तृणपाणींनी तो वृत्तांत सांगितला तेव्हा आर्द्रावती इतकी हसली, की साळुंक्या उडाल्या. “तात, त्यांना सांगा,” ती म्हणाली, “या वेशीत घर बांधणाऱ्याने रोज एक सूप साळ नखांनी सोलायची.” मग वाद आपोआप शमला. भद्रायण मात्र एके सायंकाळी एकटाच आला, कुंपणाच्या आत आला, आणि त्याने कळशीभर पाणी शमीला घातले.

तेव्हापासून त्या देशात रीत पडली, की घरी मंगलकार्य निघाले की कर्त्या पुरुषाने पहिली अक्षत श्रीमंत सोयऱ्याकडे न नेता, कुळात जो दुखावला, दुरावला, विसरला गेला, त्याच्या दारी स्वतः चालत जाऊन ठेवावी. आणि घराचा नैर्ऋत्य कोपरा वडीलधाऱ्यांच्या आसनासाठी राखावा. ज्यांची बाळे नावाआधीच गेली, त्या माता त्या दिवसापासून शमीला पाणी घालतात, आणि त्यांचे वाक्य अर्धे राहत नाही.

ही कथा जे ऐकतील, त्यांच्या घरी कोणी न बोलावलेले राहू नये; त्यांच्या ओठांवर योग्य वेळी योग्य शब्द यावा; ज्यांच्या कुशी रित्या झाल्या त्यांच्या मनाला श्रीहरीने आपल्या हाताने कुरवाळावे; आणि अनुमतीमातेने प्रत्येक उंबऱ्यावर प्रसन्न मुखाने बसावे. त्यांच्या चुली पेटत्या राहोत, लेकरे सुखाने निजोत, आणि शेवटचे दार सदैव उघडे असो. तथास्तु.